जांभूळ लावायचे कोणी?

शाळेत इंद्रधनुष्याचे रंग आपण 'तानापिहिनिपाजा' असे घोकून पाठ केले. त्या अक्षरमाळेतला शेवटचा 'जा' म्हणजे जांभळा. डाळिंबी, अबोली, आमसुली, नारिंगी असे कितीतरी रंग मराठीने फळाफुलांकडून उसने घेतले आहेत. पण डाळिंबीला लाल म्हणून भागते, नारिंगीला केशरी म्हणता येते. जांभळ्याला मात्र रोजच्या बोलण्यात दुसरे नावच नाही. ते फळ आपल्या दारात पिकले नसते, तर या रंगाला आपण काय म्हटले असते कोण जाणे!

रंग सगळ्यांना ठाऊक आहे. फळही ठाऊक आहे, निदान बाजारातले तरी. परंतु जांभळाचे फूल पाहिले आहे का, असे विचारले तर शहरातले सोडाच, गावाकडचे लोकही क्षणभर थांबतात. फाल्गुन-चैत्रात, आंब्याच्या मोहोराचे कौतुक चालू असताना, जांभूळ गुपचूप फुलून घेते. पानांच्या मागे, मागच्या हंगामातल्या उघड्या फांद्यांवर, बारीक पांढुरक्या फुलांचे झुबके येतात. त्यांच्या पाकळ्या उमलण्याची वाटच पाहत नाहीत. एकमेकींना चिकटून टोपीसारख्या निघून पडतात आणि मागे उरतो तो केसरांचा झुपका. झाडाखाली उभे राहिले तर आधी गुणगुण ऐकू येते, मग मंद गोडसर वास येतो आणि मग कुठे फूल दिसते. मधमाश्यांना ते आपल्याआधी सापडलेले असते.

या झाडाचे घराणेही मोठे नामवंत आहे. युरोपातल्या 'मर्टल' नावाच्या सुगंधी झुडपावरून वनस्पतिशास्त्रज्ञांनी या कुळाला 'मिर्टेसी' म्हटले. मराठीत आपण त्याला सरळ जंबुल कुल म्हणतो. मसाल्याच्या डब्यातली लवंग ही जांभळाची अगदी सख्खी बहीण, दोघींची प्रजाती एकच. अमेरिकेतून आलेला पेरू आणि ऑस्ट्रेलियातून आलेला निलगिरी हे दूरचे चुलते. पान चुरगळले की हाताला येणारा वास ही या साऱ्या घराण्याची खूण. लिनियसने १७५३ साली जांभळाला 'मिर्टस' या प्रजातीत बसवले होते. पुढे बरीच नावे बदलून १९१२ पासून 'सिझीजियम क्युमिनी' हे नाव स्थिरावले. पेरू आणि निलगिरी पाहुणे आहेत, जांभूळ मात्र इथलेच. आपल्या पूर्वजांनी साऱ्या भूमीलाच जंबुद्वीप म्हटले. अशोकाच्या शिलालेखातही हा शब्द येतो आणि आजही पूजेच्या संकल्पात गुरुजी त्याचा उच्चार करतात.

आमचा सातारा जिल्हा या घराण्याची मजा पाहण्यासाठी फार चांगला. महाबळेश्वरच्या सदाहरित रानात जांभूळ, अंजन आणि पिसा यांचेच राज्य आहे. पण तिथे पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि वर बेफाम वारा. त्यामुळे पठारावरचे जांभूळ वाढायचे सोडून वाकते, गाठाळते, काही ठिकाणी तर माणसाच्या उंचीचे झुडूप होऊन राहते. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या पात्रात पाणजांभूळ नावाचे त्याचे एक भावंड आहे. वाळुंजासारखी अरुंद पाने असलेले हे झुडूप पुराच्या लोंढ्यात आडवे होते, पाणी ओसरले की पुन्हा उभे राहते आणि मुळांनी काठ धरून ठेवते. महाबळेश्वरच्या मधात जांभळाचा मध म्हणून एक वेगळा प्रकार असतो. किंचित कडसर, गडद. जुने लोक तो मुद्दाम मागून घेतात. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथल्या सातेरी माश्यांना जे अन्न मिळते, त्यात जांभळाच्या फुलोऱ्याचा वाटा आहे.

त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आमचे फलटण. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. तालुक्याचे सरळ दोन भाग पडतात. भाटघरचे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याने तालुक्याची उत्तर बाजू हिरवी केली. ऊस आला, साखरवाडी नावाचे गावच वसले. दक्षिणेला महादेवाच्या डोंगररांगेकडे सरकत गेले, की संतोषगड, वारूगड यांच्या पायथ्याशी माळरान लागते. तिथे कालपरवापर्यंत बाजरी, मटकी आणि मेंढरे. अलीकडे धोम-बलकवडीचे पाणी काही भागात पोहोचले, तेवढाच फरक. आणि तरीही या कोरड्या टापूत जांभूळ होते. शेजारच्या माण तालुक्यात आणि सांगलीकडच्या आटपाडी तालुक्यात जांभुळणी नावाची गावे आहेत. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात हे नाव आले कुठून, याचे उत्तर ओढ्याकाठी उभे राहिले की मिळते. पाऊस कमी असला तरी ओढ्याच्या वाळूखाली पाणी असते आणि जांभळाची मुळे ते शोधतात.

आषाढी वारी आमच्या गावावरून जाते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी तरडगावहून फलटणला येते, विमानतळावर मुक्काम करते आणि बरडकडे निघते. माझ्या लहानपणी वाटेच्या कडेला बायका पाट्या घेऊन बसत. पळसाच्या द्रोणात मूठभर जांभळे, वर चिमूटभर मीठ. वारकरी उभ्याउभ्याच ती खात आणि बिया वाटेवर टाकत पुढे जात. पण जांभळाचा आणि पालखीचा मेळ दर वर्षी बसत नाही. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती, म्हणजे पालखी ऐन जांभळात आली. २०१५ साली अधिक महिना आषाढातच पडल्याने एकादशी २७ जुलैला गेली. तोवर झाडे रिकामी झाली होती. पंचांगाला अधिक महिना कळतो, झाडाला कळत नाही. आता आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग रुंद झाला आहे. त्याच्या चौपदरीकरणाचा शुभारंभ नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. चालणाऱ्यांची सोय झाली हे खरेच. पण रुंदीकरण म्हटले की रस्त्याकडेची जुनी झाडे जातात, आणि त्यांच्या जागी लावलेल्या रोपांची सावली पडायला एक पिढी जाते.

आमच्या रानात, तालुक्याच्या दक्षिण अंगाला, ओढ्याच्या बांधावर एक जांभूळ आहे. पणजोबांच्या काळचे म्हणतात. खोडाला दोघांची कव पुरत नाही. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली, पण या झाडाने पान टाकले नाही, असे माझे वडील सांगत. वाटण्या झाल्या तेव्हा बांध चुलत्यांकडे गेला. आज तिथले रान माझा चुलतभाऊ पाहतो. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. दादाचे म्हणणे असे, की झाडाच्या सावलीने दोन-तीन गुंठ्यांत काही पिकत नाही. शिवाय पाखरे त्या झाडावर बसून शेजारचे डाळिंब टोचतात. लाकूडवाला दर वर्षी चक्कर मारून जातो. जांभळाचे लाकूड पाण्यात टिकते, त्याला गिऱ्हाईक असते. आता जांभूळ तोडायचे म्हणजे परवानगी लागते. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, हिरडा यांच्याबरोबर जांभळाचेही नाव आहे. पण परवानगी मिळतही असते, हे सर्वांना माहीत आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात राहिलो. झाड वाचवा असे सांगणे मला सोपे होते. सावलीखालचे गुंठे माझे नव्हते.

या झाडाची फळे आम्ही कधी विकली नाहीत. वस्तीवरच्या एका गड्याला मक्त्याने देत असू. मक्ता नावाचाच, घरासाठी चार पाट्या आणि देवापुढे एक. तो पहाटे आकडी आणि खांद्याला झोळी घेऊन वर चढे. खाली त्याची बायको आणि मुले धोतर ताणून धरत. जांभूळ एकदम पिकत नाही. एकाच घोसात हिरवे, गुलाबी आणि काळे असे तिन्ही रंग असतात, त्यामुळे तीन आठवडे रोज चढावे लागते. कच्चे तोडून अढीत घातले तर आंब्यासारखे ते पिकत नाही. जसे तोडाल तसेच राहते. आणि जांभळाची फांदी मोठी दगाबाज. चिंच वाकेल पण मोडणार नाही, जांभूळ दिसायला जाड आणि कडकन मोडणारे. सहा वर्षांपूर्वी पावसाने फांद्या निसरड्या झाल्या असताना तो गडी वरून पडला. खुबा मोडला. आमच्या घराने दवाखान्याचा खर्च केला, पण तो पुन्हा सरळ चालू शकला नाही.

दुसऱ्या वर्षी मृगाच्या तोंडावर त्याची बायको दादाकडे आली. "औंदा बी मक्ता आमालाच द्या. धनी न्हाई चढायचं, पोरगं चढंल."

पोरगे चौदा वर्षांचे. दादाने साफ नाही म्हटले. "पोराला चढवायचं नाही. पैसे लागत असतील तर ने." तिने पैसे घेतले नाहीत. त्या वर्षी झाडाला कुणी हात लावला नाही. कोकीळ, मैना, बुलबुल आणि रात्री वटवाघळे यांनी ते खाल्ले. खाली जांभळ्या चिखलाचा सडा पडला आणि आंबूस वास आठवडाभर रानात फिरत होता. वहिनी म्हणाली, "तोडा तरी, नाहीतर खाता येईल असं तरी काहीतरी करा."

दादाने जे केले ते सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. त्याने जुने झाड तोडले नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला, मुरमाड पडीक अर्ध्या एकरात, त्याने जांभळाची वीस कलमे लावली.

जांभूळ लावणे म्हणजे बी टाकून देणे, एवढीच आपली समजूत असते. बियाणे उगवते खरे, पण ते ताजे हवे. फळातून काढल्यावर दहा-पंधरा दिवसांत त्याची उगवणशक्ती जाते. गंमत अशी, की एका बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपे निघतात. परंतु रोपापासून झालेल्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षे लागतात, आणि फळ मोठे निघेल की नुसती बी आणि साल, याची खात्री नसते. म्हणून आता मृदकाष्ठ कलम करतात. गावठी रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर चांगल्या झाडाची काडी बांधायची. असे कलम चार-पाच वर्षांत फळावर येते. पालघर तालुक्यातले बहाडोली गाव टपोऱ्या जांभळांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे; तिथल्याच झाडांतून निवड करून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' हा वाण दिला. बहाडोलीच्या आणि बदलापूरच्या जांभळांना अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

दादाने एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे उन्हाळ्यात घेतले, तापू दिले, शेणखत आणि पोयटा भरून पहिल्या पावसानंतर कलमे लावली. दोन झाडांत दहा मीटर अंतर. या हिशेबाने एकरी चाळीस झाडे बसतात. "एवढी जागा मोकळी सोडायची?" असे गावाने विचारलेच. मधल्या जागेत पहिली काही वर्षे तो मटकी आणि हुलगा घेतो. पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते; त्यानंतर झाड आपले आपण पाहते. उलट खत-पाण्याचे फार लाड केले तर ते नुसते पाल्यावर जाते आणि फुलायचे विसरते. फळ फुगण्याच्या वेळी, म्हणजे मे महिन्यात, ओल असली की पुरे. कलमाच्या जोडाखालून गावठी फुटवा आला तर लगेच काढायचा, नाहीतर तोच मोठा होतो आणि कलम मरते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे झाड उंच जाऊ द्यायचे नाही. दादा दर वर्षी शेंडे छाटतो. जमिनीवर उभे राहून किंवा फार तर घोड्यावर चढून हात पोहोचला पाहिजे, हे त्याचे माप आहे. कोणाचा हात, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

जांभळाचा आणखी एक गुण फलटणने लक्षात घ्यावा असा आहे. हे झाड कोरड्यात टिकते तसे पाणथळीतही टिकते आणि थोडाफार खारवटपणाही सोसते. कालव्याखाली वर्षानुवर्षे पाटाने ऊस भिजवून ज्या जमिनी चोपण झाल्या, त्यांच्या कडेला, चरांच्या काठाने, दुसरे फळझाड सहसा तग धरत नाही. तालुक्याच्या सुकलेल्या बाजूला आणि भिजून बिघडलेल्या बाजूला, दोन्हीकडे चालेल असे झाड आपल्याच मातीत असताना ते बांधावरून नाहीसे होत गेले, हे नवल आहे. प्रयोगाचे वावडे तर या गावाला कधीच नव्हते. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने इथेच करडईवर, गोड ज्वारीवर आणि मेंढ्यांवर काम केले. तालुक्यातल्या धुमाळवाडीला तर 'फळांचे गाव' अशी ओळख मिळाली आहे.

मग लोक जांभूळ का लावत नाहीत? सरकारी मदत नाही असे म्हणता येत नाही. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना राज्यात १९९० साली सुरू झाली, २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची योजना आली. दोन्हींत जांभूळ आहे. खरी अडचण वेळेची आणि घाईची. उसाचे पैसे दीड वर्षात दिसतात. डाळिंबावर तेल्या रोग आला, बागाच्या बागा काढाव्या लागल्या, तरी दोन वर्षांत पुन्हा बहर धरता येतो म्हणून माणूस पुन्हा डाळिंबच लावतो. जांभळाला पाच वर्षे थांबायचे आणि थांबून झाल्यावर माल एका दिवसात विकायचा! तोडलेले जांभूळ साध्या हवेत एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. त्यात वळिवाचा मारा. २०२५ च्या मे महिन्यात फलटण-बारामती भागात जो अवेळी पाऊस कोसळला, तसा पाऊस पिकत आलेल्या जांभळावर आला तर फळ फुटते, गळते, मातीत जाते. पुण्यात खोक्यात भरलेली जांभळे आंब्याच्या भावात विकली जातात, ती पाहून शेतकऱ्याला मिळणाऱ्या पैशाचा अंदाज बांधू नये. उरलेल्या फळाचा गर, सरबत, शिरका करता येतो. बियांची पूड होते. पण त्यासाठी गावात चार घरांनी मिळून काही उभे करावे लागते. वीस झाडांच्या जिवावर ते होत नाही.

बियांच्या पुडीवरून एक सांगितले पाहिजे. मधुमेहावर जांभूळबी आयुर्वेदात पूर्वापार वापरतात आणि आता घरोघरी तिच्या बाटल्या दिसतात. फळ आवडीने खावे, पूड वैद्यांना विचारून घ्यावी. पण तिच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करू नये. झाडाचे प्रेम वेगळे आणि साखर तपासणे वेगळे.

लोककथांनी जांभळाला सत्याचा साक्षीदार केले आहे. शाहीर विठ्ठल उमपांनी रंगभूमीवर गाजवलेल्या 'जांभूळ आख्याना'त द्रौपदीच्या मनात दडलेली कर्णाविषयीची ओढ जांभळाच्या निमित्ताने बाहेर येते. आमच्या लहानपणीही जांभूळ साक्ष देत असे, जरा कमी प्रतीची. शेजारच्या रानात गेलो नव्हतो असे शपथेवर सांगितले, तरी आई फक्त "जीभ दाखव" म्हणे आणि खटला तिथेच निकाली निघे.

दादाच्या वीस कलमांपैकी सोळा जगली. दोन मेंढरांनी खाल्ली, दोन पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. गेल्या चैत्रात पाच-सहा झाडांना पहिली फुले आली. दादाने ती खुडून टाकली, झाडाला अजून अंग धरू दे म्हणून. मला जरा वाईट वाटले. वर्षानुवर्षे न पाहिलेले फूल समोर आले आणि ते त्याने चिमटीने काढले. दादाचे वय आता सहासष्ट. त्याच्या दोन्ही मुलांना शेतीत रस नाही, हे त्याला माहीत आहे. "कुणासाठी लावलंस?" असे एकदा मी विचारले. तो म्हणाला, "बांधावरचं कुणी कुणासाठी लावलं होतं?" आणि पाण्याची नळी पुढच्या आळ्यात सरकवली.

त्या गड्याची बायको आजही अधूनमधून त्या रानात खुरपणीला येते. मागच्या महिन्यात ती एका कलमाशी थांबली आणि हात वर करून शेंडा कुठपर्यंत आला ते तिने पाहिले. हात शेंड्याच्या वर गेला. "यंदा धरंल का?" तिने विचारले. "यंदा नाही, पुढच्या वर्षी," दादा म्हणाला. मक्त्याचे तोंडी ठरले आहे. दर ठरायचा आहे, कारण अजून फळच नाही.

येत्या ज्येष्ठात जांभळे घरी आणलीत, तर बिया कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. धुऊन, आठवडा उलटायच्या आत, पिशवीत माती भरून बोटाच्या पेराएवढ्या खोल पेरा. रोप हातभर झाले की गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्या आणि ओढ्याकाठी लावायला सांगा. फळाला आठ-दहा वर्षे लागतील. सावली मात्र त्याआधीच मिळू लागेल.